कागदावरून ई-रीडरकडे जाताना: पान ठरीव राहत नाही तेव्हा काय काय बदलतं

ई-रीडर घेण्याआधी बहुतेक जण पडद्याचीच चौकशी करतात. डोळे दुखतील का, उन्हात दिसेल का, चार्जिंग किती दिवस पुरेल. या प्रश्नांची उत्तरं बरीचशी दिलासा देणारी आहेत. तरीही अनेकांचं यंत्र दोन-तीन महिन्यांत कपाटात जातं, आणि त्याचं कारण पडद्यात नसतं.

छापील पुस्तकात पान आधीच ठरलेलं असतं. कुठला शब्द कुठल्या ओळीत, कुठलं चित्र कुठल्या परिच्छेदाशेजारी, हे छापखान्यात कायमचं पक्कं होतं. ई-रीडरवरच्या बहुतेक पुस्तकांना असं पानच नसतं. फाइलमध्ये मजकूर अखंड असतो आणि अक्षराचा आकार, समास, पडद्याची रुंदी पाहून यंत्र त्या क्षणी पान रचतं. तुम्ही अक्षर एक पायरी मोठं केलंत की सगळं पुस्तक पुन्हा रचलं जातं. चष्मा न लावता वाचता येणं ही सोय यातूनच मिळते. पीडीएफचा त्रास, मोडलेली जोडाक्षरं आणि ‘मघाशी वाचलं ते कुठे होतं?’ ही चुटपुटही यातूनच येते. हे एकदा लक्षात घेतलं की कोणती पुस्तकं यंत्रावर न्यायची आणि कोणती कागदावर ठेवायची, ते ठरवणं सोपं जातं.

पडद्याबद्दल

ई-रीडरचा पडदा फोनच्या पडद्यासारखा स्वतः उजेड फेकत नाही. १९९७ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमधून उभी राहिलेली ई-इंक ही कंपनी हे पडदे बनवते. केसाच्या जाडीच्या आसपासच्या बारीक कुप्या, त्यांत पारदर्शक द्रव, आणि त्या द्रवात विरुद्ध विद्युतभार असलेले काळे-पांढरे कण अशी त्यांची रचना असते. खालून विद्युतदाब दिला की पांढरे किंवा काळे कण वर येतात. एकदा वर आले की ते तिथेच राहतात, वीज बंद केली तरी. त्यामुळे पान उलटतानाच काय ती वीज लागते, नुसतं वाचताना पडद्याला वीज लागत नाही. असा पडदा असलेला पहिला बाजारी रीडर सोनीने २००४ मध्ये जपानमध्ये आणला. ॲमेझॉनचा रीडर, पहिलं किंडल, नोव्हेंबर २००७ मध्ये आला.

आजच्या यंत्रांत रात्री वाचायला दिवा असतो. तो पडद्यामागे नसून कडेला असतो. कडेच्या एलईडींचा प्रकाश पडद्यावरच्या पातळ थरातून पसरतो, पृष्ठभागावर पडतो आणि तिथून परत येऊन डोळ्यांत शिरतो. झोपेच्या संदर्भात ज्या प्रयोगाचा दाखला नेहमी दिला जातो, तो २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्यात १२ जणांना झोपण्याआधी सुमारे चार तास वाचायला दिलं होतं ते पूर्ण उजेडावर ठेवलेल्या आयपॅडवर. छापील पुस्तक वाचलं त्या रात्रींच्या तुलनेत त्यांना झोप उशिरा लागली. हा निष्कर्ष जसाच्या तसा ई-इंकला लावता येत नाही. तरी दिवा मंद ठेवणं आणि सोय असेल तर रंग पिवळसर करणं केव्हाही चांगलं.

अक्षरांची स्पष्टता इंचाला ३०० ठिपके असेल तर मराठीसाठी ती पुरेशी आहे. त्याहून कमी असेल तर ‘ट्ट’, ‘द्ध’ यांसारख्या दाट जोडाक्षरांत आतली पोकळी भरून आल्यासारखी दिसते. रंगीत पडद्यांत काळ्या मजकुराला ३०० आणि रंगाला १५० ठिपके मिळतात. शिवाय रंगांच्या गाळणीमुळे पडदा मुळात काळपट दिसतो आणि दिवा वाढवावा लागतो. कथा-कादंबऱ्या, चरित्रं, लेखसंग्रह वाचायचे असतील तर काळा-पांढराच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधीच्या पानाची पुसट सावली दिसणं हा बिघाड नाही. वेग यावा म्हणून यंत्र पडदा दरवेळी पूर्ण न पुसता फक्त बदललेले ठिपके हलवतं, त्याची ती खूण असते. सेटिंगमध्ये ‘प्रत्येक पानाला पूर्ण रिफ्रेश’ चालू केलं की सावली जाते, मात्र पान उलटताना पडदा काळा लुकलुकतो आणि चार्ज थोडा जास्त जातो. कडक थंडीत पान सावकाश बदलतं, कारण द्रवातले कण मंदावतात. यंत्र उबेत आणलं की पूर्ववत होतं.

खरी काळजी घ्यायची ती दाबाची. बऱ्याच यंत्रांत कणांच्या थरामागे पातळ काच असते. पिशवीत किल्ल्यांचा जुडगा टेकला, वर जड वही आली, की बाहेरून ओरखडाही न दिसता ही आतली काच तडकते. मग पडद्याचा काही भाग जुन्या चित्रावर गोठतो आणि उरलेल्या भागात उभ्या-आडव्या रेघा येतात. नुसतं सॉफ्टवेअर अडकलं असेल तर पडदा सगळाच्या सगळा थिजतो. अशा वेळी किंडलचं बटण ४० सेकंद दाबून धरलं की ते पुन्हा सुरू होतं. त्यानंतरही रेघा तशाच राहिल्या तर पडदाच गेला असं समजावं. म्हणून यंत्राबरोबरच पुढून कडक झाकण असलेलं कव्हर घ्या.

बॅटरी ‘कित्येक आठवडे’ चालते हा दावा साधारणपणे रोज अर्धा तास वाचन आणि वायफाय बंद, या हिशेबाने केलेला असतो. रोज तीन तास वाचणाऱ्याने सहाने भागून घ्यावं. नव्या यंत्रात एकदम दोनशे पुस्तकं टाकलीत तर पहिले एक-दोन दिवस चार्ज भराभर उतरेल, कारण शोध घेता यावा म्हणून यंत्र प्रत्येक शब्दाची सूची बनवत असतं. आठवडाभरानंतरही तसंच होत राहिलं तर एखाद्या सदोष फाइलवर ती सूची अडकलेली असते. शेवटी टाकलेली पुस्तकं काढा आणि थोडी थोडी करून परत घाला.

पीडीएफ: इथेच बहुतेकांचा हिरमोड होतो

पीडीएफ म्हणजे ठरीव पानाचा फोटो काढून ठेवल्यासारखं आहे. त्यात अक्षर मोठं करता येत नाही, पान मोठं करता येतं. हिशेब मांडून पाहा. सहा इंची पडद्यावर १०७२ गुणिले १४४८ ठिपके असतात, म्हणजे इंचाला ३०० च्या हिशेबाने सुमारे ९.१ सेंमी रुंदी आणि १२.३ सेंमी उंची. ए-फोर पानाची रुंदी २१ सेंमी. ते पान पडद्याच्या रुंदीत बसवलं की सगळं ४३ टक्क्यांवर येतं आणि १२ पॉइंटचं अक्षर ५ पॉइंटचं होतं. ए-फाइव्ह आकाराचं पुस्तक ६० टक्क्यांच्या आसपास येतं, तिथे १२ चं ७ होतं. देवनागरीत हे आणखी जाचतं, कारण ओळीच्या उंचीत वरच्या मात्रा आणि खालचे उकारही सामावलेले असतात.

यावरचा सर्वांत सोपा उपाय दोन पायऱ्यांचा आहे. आधी समास कापा. ए-फाइव्ह पुस्तकातला मजकुराचा चौकोन सहसा ११ सेंमीच्या आसपास रुंद असतो. मग यंत्र आडवं करा. आता ११ सेंमीचा मजकूर १२.३ सेंमीत पसरतो आणि अक्षर कागदावरच्यापेक्षा मोठं दिसतं. एका छापील पानाचे दोन-तीन टप्पे होतात, एवढंच. समास कापणाऱ्या कुठल्याही साध्या पीडीएफ साधनात हे करता येतं, आणि बरेच रीडर स्वतःच कापण्याची सोय देतात. समपान आणि विषमपान यांचे समास वेगळे असतील तर दोन्हींना वेगळं माप द्या, नाहीतर दर दुसऱ्या पानाला ओळीचं पहिलं अक्षर गायब होईल.

स्कॅन केलेल्या पानातले शब्द चित्र म्हणूनच कापून पुन्हा रचणारं के-टू-पीडीएफ-ऑप्ट हे मोफत साधन आहे. कोरीडर या मुक्त वाचन-प्रणालीत त्याची हीच करामत आतच मिळते. देवनागरी शब्द शिरोरेषेने जोडलेले असल्याने शब्द तोडताना ते सहसा चुकत नाही. ओळी दाटीने छापलेल्या असतील तर मात्र वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीला चिकटू शकतो. आधी दहा पानांवर चालवून पाहा.

पीडीएफपासून वाहता मजकूर बनवायचा असेल तर एक चाचणी करा. फाइलमधली एक ओळ कॉपी करून साध्या टिपणात चिकटवा. काहीच कॉपी झालं नाही तर पान म्हणजे निव्वळ चित्र आहे. त्यावर टेसरॅक्टसारखं अक्षर ओळखणारं साधन चालवावं लागतं. ते मराठी ओळखतं, पण घ-ध, भ-म, ब-व यांची अदलाबदल हाताने तपासावी लागते. इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची गिचमिड चिकटली तर मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टात आहे (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेतांक देणारी पद्धत). मूळ फॉन्ट कोणता ते पाहून त्याच फॉन्टाचा परिवर्तक वापरा. मराठी चिकटली, पण वेलांट्या जागा सोडून आल्या, तर मजकूर युनिकोडमध्ये आहे आणि पीडीएफ बनताना अक्षरांचा क्रम विस्कटला आहे. हे प्रकरण सर्वांत चिवट. अशा वेळी कॉपी करण्याचा नाद सोडून पानांचं चित्र करावं आणि अक्षर-ओळख चालवावी, ते लवकर होतं.

एवढं करूनही आकृत्या, कोष्टकं, सूत्रं आणि दोन स्तंभांत छापलेली पुस्तकं सहा-सात इंची यंत्रावर सुखाने वाचता येत नाहीत. त्यांना दहा इंची पडदा हवा किंवा कागद.

मराठी मजकूर नीट दिसण्यासाठी

देवनागरी पडद्यावर उमटायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. मजकूर युनिकोडमध्ये हवा, फॉन्टात ती अक्षरं हवीत, आणि जोडाक्षर घडवण्याचे नियम यंत्राच्या वाचन-इंजिनाने, म्हणजे मजकूर पडद्यावर मांडणाऱ्या सॉफ्टवेअरने, पाळायला हवेत. ‘कि’ लिहिताना फाइलमध्ये आधी क आणि मग वेलांटी असते. पडद्यावर वेलांटी आधी आणण्याचं काम इंजिनाचं. म्हणून दोष कुठला, हे लक्षणावरून कळतं. अक्षराच्या जागी रिकामा चौकोन आला तर फॉन्ट बदला. ‘भक्त’मधला क सुटा होऊन पाय मोडलेला दिसला, किंवा वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर बसली, तर इंजिन कमी पडतंय किंवा मजकुराचा क्रमच चुकलाय. गिचमिड दिसली तर फाइल जुन्या फॉन्टातली आहे, यंत्राला दोष देऊ नका.

नवं यंत्र किंवा नवा फॉन्ट पारखायला सहा शब्दांची छोटी फाइल करून ठेवावी: ॲप, दुसऱ्या, ऱ्हास, वाङ्मय, उत्स्फूर्त, किल्ल्यांतून. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टांत ते नसतं आणि चौकोन दिसतो.

‘दुसऱ्या’तला अर्धा र जरा जवळून पाहू. तो दोन तऱ्हांनी लिहिला जातो: नुक्त्याचा ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे जोडणीचं एक अदृश्य चिन्ह घालून. दोन्ही सारखेच दिसतात. पण फाइलचं रूपांतर होताना ते अदृश्य चिन्ह कधी कधी गळतं आणि ‘दुसर्या’ असा रफार डोक्यावर चढतो. शोध घेतानाही अडचण येते. तुम्ही एका तऱ्हेने टाइप करता, पुस्तकात दुसरी असते, आणि यंत्र ‘सापडलं नाही’ म्हणतं. कॅलिबर या ई-पुस्तकं सांभाळणाऱ्या संगणकावरच्या मोफत साधनाच्या संपादकात पुस्तक उघडून, सर्व फाइलींत मिळून ‘शोधा आणि बदला’ वापरा आणि दुसरी तऱ्हा पहिलीत आणा. काम काही मिनिटांचं आहे, आणि पुस्तकभर डोळ्याला खुपणारा दोष जातो.

त्याच बैठकीत पुस्तकाच्या माहितीत भाषा ‘मराठी’ नोंदवा. बऱ्याच फाइलींत ती इंग्रजी राहिलेली असते. ओळ तोडणं आणि शब्दकोशाची निवड या नोंदीवर चालते. काही फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श देखील या नोंदीमुळेच मिळतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. ‘तिरो देवनागरी मराठी’ या मोफत फॉन्टात मराठी वळण मुळातच आहे. त्याची रेघ बारीक वाटली तर ‘मुक्ता’ची मध्यम जाडी घ्या. ई-इंकवर पातळ शिरोरेषा फिकी पडते, म्हणून छपाईत सुंदर दिसणारे नाजूक फॉन्ट इथे निराशा करतात. फॉन्टाची फाइल यंत्राच्या मूळ फोल्डरातल्या फॉन्ट्स या फोल्डरात ठेवायची असते. किंडलमध्ये तो फोल्डर असतोच, कोबो या दुसऱ्या कंपनीच्या रीडरात तो इंग्रजी लहान अक्षरांत नाव देऊन करावा लागतो.

ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या सवयीपेक्षा एक पायरी जास्त ठेवा, नाहीतर खालच्या ओळीचा रफार वरच्या ओळीच्या उकारावर आदळतो. मजकूर दोन्ही कडांना घट्ट बसवण्याऐवजी डावीकडे धरा. मराठीत प्रत्यय लागून शब्द लांबतात, ते ओळीत मावत नाहीत, आणि दोन्ही कडा जुळवायच्या म्हटल्या की शब्दांमध्ये भगदाडं पडतात.

कोबोवर एक गोष्ट कळून येत नाही. तिथे साधं ईपब, म्हणजे ई-पुस्तकांच्या फाइलचं सर्वत्र चालणारं रूप, एका इंजिनाने दाखवलं जातं आणि केपब हे त्यांचं स्वतःचं रूप दुसऱ्या. एकात जोडाक्षरं मोडत असतील तर तेच पुस्तक दुसऱ्या रूपात करून पाहा. किंडलवर वेगळीच अडचण असते. केबलने थेट टाकलेलं ईपब ते उघडतच नाही. ‘सेंड टू किंडल’ या ॲमेझॉनच्या सेवेमधून पाठवलंत तर २०२२ पासून ईपब चालतं, ईमेलने ५० एमबीपर्यंत आणि वेबपानावरून २०० एमबीपर्यंत. केबलच वापरायची असेल तर कॅलिबरमध्ये एझेडडब्ल्यू-३ हे किंडलचं फाइल-रूप करून घ्या. जुनं मोबी रूप आता नव्याने करू नका.

शब्दावर बोट ठेवून अर्थ पाहायची सोय इंग्रजीत जितकी चालते तितकी मराठीत चालत नाही. कोशात ‘घर’ असतं आणि पुस्तकात ‘घरासमोरच्या’. शब्दाची सगळी रूपं कोशाच्या फाइलीत दिलेली नसतील तर यंत्राला मूळ शब्द ओळखता येत नाही.

वाचलेलं कुठे होतं, ते आठवत नाही

छापील पुस्तकात हाताला उजवीकडचा जाडपणा कमी होताना कळतो, आणि एखादं वाक्य डाव्या पानावर खालच्या बाजूला होतं हे लक्षात राहतं. पान ठरीव नसेल तर या खुणा उरत नाहीत. नॉर्वेतल्या स्टाव्हँगर विद्यापीठाच्या ॲन मँगन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५० जणांनी एकच दीर्घकथा वाचली, निम्म्यांनी कागदावर आणि निम्म्यांनी किंडलवर. बहुतेक कसोट्यांवर दोन्ही गट सारखेच ठरले. पण घटनांचा क्रम आणि काळ सांगण्यात कागदवाले पुढे होते. माणसं पन्नासच होती, तेव्हा यावर फार मोठी इमारत उभारू नये. तरी हा फरक वाचणाऱ्यांना ओळखीचा वाटेल.

म्हणून सुरुवात करताना पहिलं पुस्तक असं घ्या, जे सरळ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत जायचं आहे आणि ज्याचा विषय सोपा आहे. वंशावळी, नकाशे, मागच्या टिपा चाळाव्या लागतील असं पुस्तक पहिलं घेऊ नका. अक्षराचा आकार एकदा ठरवला की पुस्तक संपेपर्यंत बदलू नका, म्हणजे निदान त्या पुस्तकापुरती पानांची रचना स्थिर राहते. खाली ‘प्रकरणात किती उरलं’ हे दाखवणारी ओळ चालू ठेवा. मिनिटांचा अंदाज मात्र बंद केलेला बरा, त्याने वाचण्याची घाई होते. कवितेसाठी उलट करा. सर्वांत लांब ओळ न तुटता मावेल इतकं अक्षर लहान करा किंवा यंत्र आडवं धरा, कारण यंत्राने तोडलेली ओळ आणि कवीने तोडलेली ओळ यांत फरक दिसत नाही.

पृष्ठक्रमांकाचा दाखला द्यायचा असेल तर पुस्तकात छापील आवृत्तीचे क्रमांक दिलेत का ते पाहा. प्रकाशकाने ती यादी फाइलमध्ये घातली असेल तरच ते मिळतात. नसेल तर प्रकरण आणि परिच्छेद सांगा. यंत्र दाखवतं तो आकडा दुसऱ्या यंत्रावर जुळेलच असं नाही.

विकत घेतलेलं पुस्तक कितपत तुमचं

दुकानातून घेतलेल्या ई-पुस्तकावर बहुधा डीआरएमचं, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या व्यवस्थेचं, कुलूप असतं, आणि तुम्हाला मिळतो तो वाचण्याचा परवाना. २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादावरून काही पुस्तकांच्या विकलेल्या प्रती वाचकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकल्या होत्या, पैसे परत केले, आणि नंतर माफीही मागितली. फेब्रुवारी २०२५ मध्ये विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून केबलने किंडलवर नेण्याची सोयही त्यांनी बंद केली. म्हणून निवडीची संधी असेल तिथे कुलूप नसलेली प्रत देणाऱ्या प्रकाशकाकडून ईपब घ्या. ते कुठल्याही यंत्रावर नेता येतं आणि अर्ध्या ते दोन एमबीच्या त्या फाइलची प्रत दोन ठिकाणी ठेवायला काहीच लागत नाही. कुलपाचं पुस्तक घ्यायचंच असेल तर कुठल्या दुकानाच्या खात्याशी आपण बांधले जातोय ते यंत्र घेण्याआधी पाहा, कारण पुढे यंत्र बदललं तरी पुस्तकं त्या खात्यातच राहतात.

खुणा आणि टिपणं यांचंही तसंच. किंडलवर ती डॉक्युमेंट्स फोल्डरातल्या ‘माय क्लिपिंग्ज’ या साध्या मजकूर-फाइलमध्ये साठतात, कोबोवर एका डेटाबेस फाइलमध्ये. यंत्र मूळ स्थितीला नेलं की दोन्ही पुसल्या जातात. केबलने टाकलेल्या पुस्तकांवरच्या टिपांची प्रत दुकानाच्या खात्यात असेलच असं नाही, तेव्हा महिन्यातून एकदा यंत्र संगणकाला जोडून ती फाइल उतरवून घ्या. २०२४ पासूनची किंडलं मॅकला जोडली तर ड्राइव्ह म्हणून दिसत नाहीत. त्यासाठी फाइल हलवणारं वेगळं ॲप आधी बसवून ठेवावं लागतं.